बोअरच्या पाण्याची बाटली आणि २.७ ही साध्यता

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेली अठरा वर्षे मी एक प्रश्न दर आठवड्याला ऐकत आले आहे: "मॅडम, सीबीआर किती यायला पाहिजे?" बी.एस्सी.च्या जर्नलमध्ये टायट्रेशनचा, म्हणजे ब्युरेट या खुणांच्या काचनळीतून एक द्रावण थेंबथेंब सोडून दुसऱ्यातला पदार्थ मोजण्याचा, तक्ता ठरलेला असतो. आधी पायलट, म्हणजे अंदाजाचे, रीडिंग, मग एक, दोन आणि तीन, आणि शेवटच्या चौकटीत सीबीआर, म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग. वेगवेगळ्या वेळी घेतलेली मोजमापे एकमेकांशी जुळली की त्या जुळलेल्या आकड्याला हे नाव मिळते. ब्युरेट भरण्याआधीच तो आकडा विचारणारी मुले आळशी नसतात आणि अप्रामाणिकही नसतात. उत्तर आधीच कोठेतरी ठरलेले आहे आणि आपले काम फक्त तेथपर्यंत पोहोचण्याचे आहे, ही समजूत त्यांच्या मनात शाळेपासून घट्ट बसलेली असते आणि महाविद्यालयात आल्यावर आम्ही ती सैल करत नाही.

याच प्रात्यक्षिक विषयाची दोन वर्षांपूर्वीची सीओ अटेनमेंट, म्हणजे विद्यार्थ्याला काय करता यायला हवे हे सांगणाऱ्या निष्पत्तींची साध्यता, ३ पैकी २.७ आली होती. महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षात, म्हणजे आयक्यूएसीत, 'क्रायटेरिया दोन'चे, म्हणजे नॅक मूल्यांकनाच्या दुसऱ्या निकषाचे, काम माझ्याकडे असल्यामुळे तो आकडा मीच काढला, मीच तपासला आणि त्याखाली सहीही केली. त्या विषयाच्या एका निष्पत्तीचे वाक्य असे होते: आयतनमापी विश्लेषणाने (म्हणजे टायट्रेशनने) द्रावणाची संहती काढता येईल आणि मोजमापातील त्रुटीचा अंदाज सांगता येईल. फाईल बंद करताना माझ्या मनात आले की २.७ म्हणजे जवळजवळ सर्वांनाच हे येते. मग दर आठवड्याला तो प्रश्न कोण विचारते?

हा आकडा कसा तयार होतो हे महाविद्यालयाबाहेरच्या वाचकाला माहीत असण्याचे कारण नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. प्रत्येक विषयासाठी चार-सहा निष्पत्ती लिहिलेल्या असतात, त्यांना आम्ही सीओ म्हणतो. संपूर्ण पदवीच्या अपेक्षित निष्पत्तींना पीओ म्हणतात. समजा वर्गात ६० विद्यार्थी आहेत आणि त्यांपैकी ४५ जणांना निम्म्याहून अधिक गुण मिळाले, म्हणजे ७५ टक्के विद्यार्थ्यांनी उंबरठा ओलांडला. विभागाने आधीच ठरवलेले असते की ६० टक्के विद्यार्थी उंबरठ्यापलीकडे गेले तर पातळी १, ७० टक्के गेले तर पातळी २ आणि ८० टक्के गेले तर पातळी ३. त्यानुसार ही पातळी २ झाली. आमच्या विषयात अंतर्गत परीक्षेची पातळी २ होती, विद्यापीठाच्या प्रात्यक्षिक परीक्षेची ३ होती, आणि अनुक्रमे ३० व ७० टक्के भार धरून २.७ हा आकडा आला. पुढे प्रत्येक सीओ कोणत्या पीओला किती हातभार लावतो याचे १, २, ३ असे मॅपिंग असते, त्याने गुणून पुन्हा सरासरी काढतात, आणि अशा सरासरींच्या सरासरीतून संपूर्ण पदवीची साध्यता हाती येते.

या गणितात चूक कोठेच नाही. पण ८० टक्क्यांची अट ७५ वर आणली तर वरच्या उदाहरणातील पातळी २ ची ३ होते आणि वर्गातल्या एकाही मुलीला आदल्या दिवसापेक्षा एक गोष्ट अधिक येत नसते. उंबरठा विभागच ठरवतो, पातळ्यांच्या मर्यादाही विभागच ठरवतो आणि साध्यता कमी आली तर कृती अहवालही त्याच विभागाला लिहावा लागतो. अशा रचनेत उंबरठे हळूहळू खाली सरकत गेले तर त्याचे नवल वाटू नये. मी स्वतः एका वर्षी तसे केले आहे, आणि तेव्हा मला ते गैर वाटले नव्हते, हे येथे नोंदवणे मला आवश्यक वाटते.

ही पद्धत आमच्याकडे आली ती अभियांत्रिकीच्या वाटेने. राष्ट्रीय मूल्यांकन आणि अधिस्वीकृती परिषद, म्हणजे नॅक, आणि तंत्रशिक्षणासाठीचे राष्ट्रीय अधिस्वीकृती मंडळ, म्हणजे एनबीए, या दोन्ही यंत्रणा १९९४ मध्ये स्थापन झाल्या. अभियांत्रिकी पदव्यांना देशोदेशी परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन करारात भारताला २०१४ मध्ये पूर्ण सदस्यत्व मिळाले. अभियंत्याला काय येते यावरून त्याची पदवी पारखावी, हे त्या कराराचे तत्त्व असल्यामुळे सीओ-पीओची भाषा अभियांत्रिकी महाविद्यालयांत आधी रुजली. २०१७ मध्ये नॅकची सुधारित चौकट आली, तिच्या सात निकषांपैकी दुसऱ्या निकषात 'विद्यार्थ्यांची कामगिरी आणि अध्ययन निष्पत्ती' हा स्वतंत्र निर्देशक ठेवला गेला, आणि कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालयांनाही हेच काम लागले. संलग्नित महाविद्यालयासाठी एकूण १००० पैकी ३५० भार या दुसऱ्या निकषाला होता, यावरून त्याचे महत्त्व कळावे. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने विषयवार निष्पत्ती-आधारित अभ्यासक्रमाच्या चौकटीही प्रसिद्ध केल्या. या सगळ्यामागचा विचार मला मनापासून पटतो. शिक्षकाने काय शिकवले याऐवजी विद्यार्थ्याला काय करता येऊ लागले हे विचारणे हा प्रामाणिक प्रश्न आहे. आम्ही मात्र विचाराआधी एक्सेलची शीट घेतली, तीही अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या ओळखीच्या प्राध्यापकांकडून, आणि विषयांची नावे तेवढी बदलली.

अडचण एवढीच असती तर ती आमच्या आळसाची ठरली असती. तिचे मूळ फार जुने आहे. १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, म्हणजे परीक्षा घेणाऱ्या संस्था म्हणून. शिकवायचे महाविद्यालयाने आणि परीक्षा घ्यायची विद्यापीठाने, ही विभागणी तेव्हापासून चालत आली आहे. त्यामुळे आज माझ्यासारख्या संलग्नित महाविद्यालयातील शिक्षिकेच्या हाती विद्यापीठाच्या परीक्षेनंतर फक्त एकूण गुण येतात. ७० पैकी ४१ गुण मिळालेल्या विद्यार्थ्याने कोणता प्रश्न सोडवला, कोणता सोडला, कोठे चुकला, यातले काहीही मला कळत नाही. मग त्या ४१ गुणांतून पाच सीओंची साध्यता वेगवेगळी कशी काढायची? उपाय म्हणून आम्ही एकच आकडा पाचही सीओंना लावतो. अटेनमेंटच्या तक्त्यात विद्यापीठ परीक्षेच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत तोच अंक दिसतो, तो याचमुळे. पाच निष्पत्ती वेगळ्या लिहायच्या आणि त्यांचे मोजमाप एकच द्यायचे, हे कोणत्याही विज्ञानाच्या शिक्षकाला अस्वस्थ करणारे आहे.

त्यात प्रश्नपत्रिकेतील पर्यायांची भर पडते. 'सहापैकी कोणतेही चार सोडवा' ही सवलत विद्यार्थ्याच्या हिताची आहे, तिच्या विरोधात मी नाही. पण एका घटकावरचे प्रश्न सोडून देऊनही चांगले गुण मिळवता येत असतील, तर त्या घटकाची निष्पत्ती त्या विद्यार्थ्यापुरती तपासलीच गेलेली नसते. तपासले न जाणे आणि न येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तक्त्यात मात्र दोन्ही झाकल्या जातात. अभ्यासक्रमाच्या शेवटी विद्यार्थ्यांकडून भरून घेतलेल्या सर्वेक्षणाबद्दल मी थोडक्यातच लिहिते: 'मला अमुक करता येते' या विधानापुढे वरपासून खालपर्यंत एकाच स्तंभात खुणा केलेले अर्ज मी शेकड्याने पाहिले आहेत, आणि त्यांच्या आधारे मी कोणताही निर्णय घेतलेला नाही.

म्हणून मागच्या वर्षी मी आणि माझ्या एका सहकारी प्राध्यापकांनी ठरवले की एक निष्पत्ती, एक बॅच आणि एकच काम घ्यायचे आणि मुलांनी केलेले काम प्रत्यक्ष वाचायचे. पाण्याची कठीणता, म्हणजे त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम क्षारांचे प्रमाण, ईडीटीए या त्यांना बांधणाऱ्या रसायनाने मोजण्याचा प्रयोग जर्नलमध्ये आहेच. नेहमी त्यासाठीचा नमुना प्रयोगशाळेतले मामा आदल्या दिवशी तयार करतात, तो असा की रीडिंग सोयीचे यावे. आणि कोणत्या बाटलीचे उत्तर काय हे वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे बिनबोभाट पोहोचलेले असते. या वेळी आम्ही २० विद्यार्थ्यांच्या बॅचला सांगितले की आपापल्या गावाहून, घरी पिण्यासाठी वापरता ते पाणी बाटलीत घेऊन या. चार-चार जणांचे पाच गट केले. प्रत्येक गटाला ०.०१ मोलर ईडीटीएची २५० मिलिलिटरची बाटली, पीएच १० चे बफर, एरिओक्रोम ब्लॅक टी हा रंग बदलून शेवटचा बिंदू दाखवणारा दर्शक आणि ५० मिलिलिटरची ब्युरेट दिली. कृतीचा कागद दिला नाही. या द्रावणाचा १ मिलिलिटर म्हणजे १ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट एवढी कठीणता, हा एकच दुवा फळ्यावर लिहिला. आमच्या भागात बोअरचे पाणी किती जड असते हे प्रत्येक घरातल्या भांड्यांवरच्या पांढऱ्या थरावरून दिसते, त्यामुळे उत्तर कळण्याची उत्सुकता मुलांना होती, आणि मलाही होती.

पहिल्या गटाने सवयीने ५० मिलिलिटर नमुना घेतला. ब्युरेट पूर्ण रिकामी झाली तरी फ्लास्कमधला वाइनसारखा लाल रंग निळा होईना. त्यांनी ब्युरेट पुन्हा भरली आणि पुढे चालू ठेवले. एकूण ६२ मिलिलिटरच्या आसपास रंग बदलला, थोड्या वेळाने पुन्हा लालसर झाला, आणि गटातल्या एका मुलाने मला येऊन सांगितले की पाणी खराब आहे, दुसरे द्या. पाणी खराब नव्हते, ते फार कठीण होते: १२०० मिलिग्रॅम प्रति लिटरहून अधिक. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात २०० ही स्वीकार्य मर्यादा आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालते. हे त्याच्याही दुप्पट होते. इतके कठीण पाणी पीएच १० ला फार वेळ ठेवले तर कॅल्शियम कार्बोनेटचा साका बसू लागतो आणि शेवटचा बिंदू मागेपुढे सरकतो. येथे करायचे होते ते साधेच: १० मिलिलिटर नमुना घेऊन तो ऊर्ध्वपातित पाण्याने ५० पर्यंत न्यायचा, म्हणजे रीडिंग बाराच्या आसपास येते आणि काम पटकन उरकते. विरलीकरणाची गणिते या चौघांनाही परीक्षेत येतात, त्यांचे पूर्वीचे पेपर मी काढून पाहिले आहेत. ते गणित येथे वापरायचे आहे, हे मात्र चौघांपैकी एकालाही सुचले नाही.

दुसऱ्या एका गटाची गोष्ट याच्या उलट होती. त्यांच्या घरी जारचे फिल्टर केलेले पाणी येते. ५० मिलिलिटर नमुन्याला ०.८ मिलिलिटर ईडीटीए लागले, आणि त्यांनी अहवालात '१६.०० मिलिग्रॅम प्रति लिटर' असे ठामपणे लिहिले. ब्युरेटवरची सर्वांत लहान खूण ०.१ मिलिलिटरची असते, ०.८ मध्ये एका खुणेची चूक म्हणजे उत्तरात आठव्या भागाची चूक. दशांश चिन्हापुढच्या दोन शून्यांना येथे काहीच आधार नव्हता. हेच पाणी मोजायचे तर नमुना जास्त घ्यायला हवा होता किंवा ईडीटीए दहापट विरल करायला हवे होते.

तिसऱ्या गटाच्या तक्त्यात २१.४, २१.४ आणि २१.४ अशी तीन रीडिंग होती आणि सीबीआरही अर्थातच २१.४. तक्ता पाहून कोणीही पूर्ण गुण दिले असते. त्यांच्या बाटलीत मात्र २०० मिलिलिटरहून अधिक ईडीटीए शिल्लक होते. पायलट धरून चार वेळा टायट्रेशन झाले असते तर १६० च्या आसपास उरायला हवे होते. मी त्यांना रागावले नाही. एकसारखी रीडिंग म्हणजे चांगला प्रयोग, हे त्यांना शिकवणाऱ्यांत मी आहे; जर्नल तपासताना २१.३, २१.५ आणि २१.४ लिहिणाऱ्या मुलीच्या तक्त्यावर लाल शाईने खूण करणारी शिक्षिकाही मीच होते.

अहवाल जमा झाल्यावर आम्ही दोघांनी ते वेगवेगळे वाचले. त्यासाठी चार बाबींचे एक रुब्रिक, म्हणजे पायऱ्यांनुसार मूल्यमापनाचा तक्ता, आधी तयार केले होते: नमुना किती घ्यायचा याचा निर्णय आणि त्याचे कारण, मोजमाप व नोंद, आकडेमोड, आणि त्रुटीचा अंदाज. प्रत्येक बाबीपुढे अंकांच्या जागी वाक्ये होती. उदाहरणार्थ, त्रुटीच्या बाबीत सर्वांत खालची पायरी 'त्रुटीचा उल्लेखच नाही', त्यावर 'त्रुटीची कारणे सर्वसाधारण शब्दांत लिहिली आहेत', त्यावर 'ब्युरेटच्या खुणेवरून आकड्यात अंदाज दिला आहे', आणि सर्वांत वरची 'त्या अंदाजानुसार उत्तराचे अंक योग्य ठिकाणी थांबवले आहेत किंवा नमुन्याचे प्रमाण बदलले आहे'. अशी वाक्ये लिहायला दोन संध्याकाळी लागल्या. आम्हाला विद्यार्थ्याकडून नेमके काय हवे आहे हे आम्ही इतक्या वर्षांत एकदाही स्पष्ट शब्दांत मांडलेले नव्हते, हे त्या दोन संध्याकाळींत कळले.

वाचन झाल्यावर दोघांच्या नोंदी शेजारी ठेवल्या तेव्हा बऱ्याच ठिकाणी मतभेद निघाला. सहकारी प्राध्यापकांनी स्वच्छ तक्त्याला वरची पायरी दिली होती. मी त्याच अहवालाला, रीडिंग संशयास्पद म्हणून, खालची दिली होती. एका अहवालात खाडाखोड होती, पण विद्यार्थिनीने आधी ५० मिलिलिटर घेऊन, रीडिंग खूप मोठे येणार हे ओळखून, मध्येच थांबून २५ मिलिलिटर घेतले होते. त्यांना ती धांदल वाटली, मला तो निर्णय वाटला. दीड तास आम्ही बोललो, शेवटी ते वाक्य बदलले आणि त्या पानावर दोघांचे एकमत झाले. आयक्यूएसीच्या कामात गेलेल्या माझ्या सगळ्या तासांपैकी खऱ्या अर्थाने गुणवत्तेसाठी गेलेले तास मोजायचे झाले तर हा दीड तास मी सर्वांत आधी मोजेन.

वाचनातून जे निघाले ते असे. २० पैकी १७ विद्यार्थ्यांची आकडेमोड बिनचूक होती. त्रुटीचा अंदाज आकड्यात मांडणारे विद्यार्थी होते ३. आमच्या अधिकृत तक्त्यात हे दोन्ही एकाच सीओत बांधलेले होते, कारण वाक्यच तसे होते: संहती काढता येईल 'आणि' त्रुटीचा अंदाज सांगता येईल. १७ आणि ३ यांची सरासरी काढली की १० येते, आणि त्या दहाचे वर्णन वर्गातल्या कोणालाही लागू पडत नाही. निष्पत्तीच्या वाक्यात 'आणि' दिसला की मी आता थांबते.

बाकीच्या १७ जणांनी त्रुटीबद्दल काहीच लिहिले नव्हते असे नाही. बहुतेकांनी एक इंग्रजी वाक्य लिहिले होते, ज्याचा अर्थ असा की ही त्रुटी वैयक्तिक किंवा उपकरणातील दोषामुळे असू शकेल. हे वाक्य कोणत्याही प्रयोगाखाली चालते आणि पिढ्यानपिढ्या चालत आले आहे. त्यांतल्या एका मुलीला, जारचे पाणी आणणाऱ्या गटातल्या, मी तोंडी विचारले, मराठीत. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "मॅडम, आकडाच एवढा लहान आहे की एक थेंब इकडेतिकडे झाला तरी उत्तर बदलतंय." सापेक्ष त्रुटीची याहून चांगली समज मला पदव्युत्तर वर्गातही फारशी भेटलेली नाही. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या या मुलीच्या कागदावर मात्र पाठ केलेले इंग्रजी वाक्य होते, आणि रुब्रिकमध्ये तिला खालून दुसरी पायरी मिळाली होती. येथे आम्ही रसायनशास्त्र मोजत होतो की इंग्रजी लेखन? अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी स्थानिक भाषेत उत्तरे लिहिण्याची मुभा विद्यार्थ्यांना द्यावी, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२३ मध्ये विद्यापीठांना सुचवले होते. त्यावर बोलताना पाठ्यपुस्तके आणि परिभाषा यांची चर्चा पुष्कळ होते. मूल्यमापनाच्या अचूकतेची होत नाही. विद्यार्थ्याला एखादी गोष्ट येते की नाही हे पाहायचे असेल तर ती सांगायला त्याला येणारी भाषा हवी, आणि महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या महाविद्यालयात हा मोजमापाच्या शुद्धतेचाच प्रश्न आहे. आता आमच्या रुब्रिकमधील कारणमीमांसेच्या दोन्ही बाबी मराठीत, इंग्रजीत किंवा तोंडी, कशाही दिल्या तरी चालतात.

मुलांनी खरोखर केलेले काम अनेक शिक्षकांनी मिळून एका रुब्रिकवर वाचायचे, ही कल्पना आमची नाही. अमेरिकेतील महाविद्यालये व विद्यापीठांच्या एका राष्ट्रीय संघटनेने २००७ ते २००९ या काळात 'व्हॅल्यू' नावाची रुब्रिके याच हेतूने तयार केली, आणि त्यांचा भर वेगळ्या परीक्षेपेक्षा विद्यार्थ्याने अभ्यासक्रमात केलेल्या कामाच्या वाचनावर होता. तेथील महाविद्यालयात शिकवणारा शिक्षकच परीक्षा घेतो, त्यामुळे त्यांच्यासाठी हे तुलनेने सोपे आहे. आपल्याकडे स्वायत्त महाविद्यालयांना ही मोकळीक आहे. संलग्नित महाविद्यालयांना अंतर्गत मूल्यमापनापुरती आहे. ती थोडी असली तरी आम्ही ती पुरती वापरलेली नाही, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. अंतर्गत गुण बहुधा घाईने दिले जातात, त्यांच्याकडे विद्यार्थ्याला उत्तीर्ण करण्याचा आधार म्हणून पाहिले जाते, आणि शिक्षकाच्या पूर्ण ताब्यात असलेली ही एकमेव जागा पुराव्याविना जाते.

विद्यापीठाच्या पातळीवर एक गोष्ट आज, फारसा नवा खर्च न करता, शक्य आहे असे मला वाटते. मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये उत्तरपत्रिकांची ऑनस्क्रीन तपासणी सुरू केली, आणि तेव्हाचे निकालाचे विलंब सर्वांच्या लक्षात आहेत. त्या गोंधळात एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाले: पडद्यावर तपासताना परीक्षक प्रश्ननिहाय गुण नोंदवतो, म्हणजे मला हवी असलेली माहिती संगणकात आधीच असते. जेथे जेथे अशी तपासणी होते तेथे विद्यार्थ्यांची नावे वगळून महाविद्यालयनिहाय, प्रश्ननिहाय गुण संबंधित विभागाला दिले, तर एकच अंक पाचही सीओंना लावण्याची वेळ येणार नाही. एखाद्या घटकावरचा प्रश्न आपल्या महाविद्यालयातल्या बहुतेकांनी सोडून दिला, एवढे कळले तरी त्या घटकाच्या शिकवण्यात पुढच्या वर्षी बदल करता येईल.

हे आत्ताच बोलायला हवे, याला कारण आहे. नॅकने जानेवारी २०२४ मध्ये श्रेण्यांच्या जागी द्विमान पद्धत (महाविद्यालय अधिस्वीकृत आहे किंवा नाही, एवढेच सांगणारी) आणि पुढे १ ते ५ असे परिपक्वतेचे स्तर आणण्याची घोषणा केली, आणि माहिती ऑनलाइन घेण्यावर तिचा भर आहे. महाविद्यालयात येणाऱ्या पीअर टीमच्या, म्हणजे नॅकच्या तज्ज्ञ पथकाच्या, भेटींबद्दल कोणाचे काहीही मत असो, त्या भेटीत एखादा जाणता सदस्य प्रयोगशाळेत शिरून विद्यार्थ्याला "हा नमुना एवढाच का घेतला?" असे विचारू शकत असे. माहिती फक्त संकेतस्थळावर भरायची असेल तर तेथे २.७ पोहोचेल आणि ६२ मिलिलिटरवर लाल झालेला तो फ्लास्क पोहोचणार नाही. म्हणून आकड्यासोबत विद्यार्थ्यांच्या कामाचे काही नमुने आणि त्यावर दोन शिक्षकांच्या नोंदी मागवाव्यात, असे मला आग्रहाने सुचवावेसे वाटते. पाच अहवाल पुरेत. पाच अहवाल काळजीपूर्वक वाचणाऱ्या व्यक्तीला पाचशे ओळींच्या तक्त्याहून अधिक कळते.

मी हे विभागात मांडले तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले की एवढा वेळ कोठून आणायचा. प्रश्न रास्त होता. आमच्याकडे मंजूर पदांपैकी काही रिक्त आहेत, घड्याळी तासिकेवरचे शिक्षक दोन-दोन महाविद्यालयांत धावत असतात, आणि प्रवेशापासून निवडणुकीच्या कामापर्यंत सारे त्याच माणसांकडे येते. माझे उत्तर असे होते की सर्व विषयांच्या सर्व सीओंचे असे वाचन करायचेच नाही. वर्षात एका शिक्षकाने एक निष्पत्ती घ्यावी, वीस कामे घ्यावीत, एक सोबती घ्यावा. बाकीचे तक्ते नियमानुसार भरावेत. तीन वर्षांच्या पदवीत एवढे वाचनही मोठे असते. त्यांना ते पूर्ण पटले असे नाही, पण त्यांच्या सेंद्रिय रसायनाच्या प्रात्यक्षिकासाठी सोबती म्हणून बसायला त्यांनी मला बोलावले आहे.

यंदा आम्ही जुना सीओ तोडून त्याचे दोन केले, त्रुटीचा अंदाज वर्षाच्या पहिल्याच प्रात्यक्षिकात आणला, आणि जर्नलच्या तक्त्यात सीबीआरच्या चौकटीशेजारी 'नमुना एवढाच का?' ही एक चौकट वाढवली. यंदाच्या २० जणांपैकी ९ जणांनी त्रुटीचा अंदाज आकड्यात दिला. या नवाचा अर्थ मी फार ताणत नाही. गेल्या वर्षीच्या मुलांनी काय विचारले जाणार हे खालच्या वर्गाला सांगितले असणार, जसे ते पूर्वी बाटलीचे उत्तर सांगत असत. ते तपासण्यासाठी दिवाळीनंतर याच बॅचला वेगळे काम दिले आहे: बाजारातल्या व्हिनेगरमधले आम्ल मोजायचे आहे, आणि बाटली तशीच घेतली तर ब्युरेट पुरणार नाही. त्या २० अहवालांचे गठ्ठे सध्या माझ्या आणि सहकाऱ्यांच्या टेबलावर आहेत. मी सात वाचले आहेत, त्यांपैकी चौघांनी व्हिनेगर आधी दहापट विरल करून घेतले आहे. प्रश्ननिहाय गुणांच्या मागणीचे पत्र प्राचार्यांच्या सहीने अभ्यासमंडळाकडे गेले आहे, आणि उरलेले तेरा अहवाल येत्या रविवारी वाचून होतील.